दोन शीट्सच्या मध्ये राहिलेला रस्ता

शिरूरच्या एस.टी. स्टँडसमोर, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचे रस्त्यांचे आराखडे करणारे छोटे कार्यालय होते. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस डिप्लोमाचा निकाल हातात घेऊन मी तळेगाव ढमढेरेहून जीपने तिथे पोहोचले, तेव्हा आदरणीय रणपिसे साहेब एका भल्यामोठ्या ड्रॉइंग टेबलावरचे ट्रेसिंगचे कागद आवरत होते. टेबल उचलायला तीन माणसे खोळंबली होती. मी दारातच थांबले. साहेब म्हणाले, "या ताई, तुमच्याच कॉम्प्युटरला जागा करतोय." ज्या टेबलावर त्यांनी वीस वर्षे रस्ते काढले, ते माझ्यासाठी जिन्याखाली गेले हे मला पुष्कळ दिवसांनी दुसऱ्यांकडून कळले.

साहेब कार्यालयाचे मुख्य ड्राफ्ट्समन होते. नव्याने लागलेल्या शिपायालाही ते अहो-जाहो करीत. त्यांच्या मातोश्रींनी पाटसजवळच्या रस्त्यांवर खडी फोडून त्यांना शिकवले होते, आणि ही गोष्ट ते सहजपणे, मान वर करून सांगत.

माझे काम प्लॅन आणि प्रोफाइलच्या शीट्स लावण्याचे. कागदाच्या वरच्या भागात रस्ता आकाशातून दिसेल तसा, खालच्या भागात त्याचे चढउतार, आणि साधारण एकेका किलोमीटरला एक शीट. साहेबांच्या हाताला एका शीटला तीन दिवस लागत. सॉफ्टवेअर दुपारच्या चहाआधी दहा काढून देई. मला त्या वेगाची नशाच चढली होती.

दौंड तालुक्यातील एका रस्त्याचे रुंदीकरण होते. एका वळणावर शीटची चौकट फिरवून बसवताना सातव्या शीटचा शेवट आणि आठवीची सुरुवात माझ्या हातून जुळली नाही. मधला तीस मीटर रस्ता कुठल्याच कागदावर आला नाही, आणि नेमकी तिथेच रस्त्याखालून पाणी जाण्याची एक मोरी होती. मोऱ्यांची यादी शीट्सवरूनच केलेली, त्यामुळे तीही त्यातून निसटली. साहेबांनी 'तपासले' या चौकटीत सही केली आणि संच सरकारी कार्यालयात गेला.

तरी साहेबांना चैन पडेना. नकलांची गुंडाळी काखेत घेऊन ते तो रस्ता पायी चालायला निघाले. वळणावरच्या वस्तीतल्या एका मावशींनी त्यांना अडवले.

"सायेब, रस्ता कमरंएवढा उचलणार म्हणत्यात. मंग आमच्या मोरीचं काय? पानी तुंबलं तर घरातच यील की."

साहेबांनी तिथेच दोन्ही शीट्स पसरल्या. मोरी नव्हती.

कार्यालयाचे मालक सर्वांदेखत माझ्यावर भडकले. "कॉम्प्युटर येतो म्हणून घेतलं ना तुम्हाला?" मी घरी गेले ती परत न जाण्याचे ठरवूनच. तीन दिवस अंगणात भाजी निवडत बसले. चौथा दिवस आठवडे बाजाराचा होता. गर्दीतून वाट काढत साहेब आमच्या दारात आले.

"रामराम सायेब," वडील संकोचून उठले.

"जय भीम, आबा. ताईंना उद्या पाठवा."

"चूक झाली म्हनं तिची. लई रडली पोरगी."

"चूक तिची एकटीची न्हाई. कॉम्प्युटरनं काढलंय म्हणून मी डोळे मिटून सही केली. आता दुरुस्त कोण करणार? मला तर ते यंत्र चालूबी करता येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊनच सरकारी कार्यालयात गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहत विचारले, "या नव्या मुलीनं केलं का हे?" साहेब म्हणाले, "सही माझी आहे. संच परत द्या, दोन दिवसांत नीट करून आणतो." त्या वाक्याने त्यांची वीस वर्षांची पत पणाला लागली होती.

मग त्यांनी माझ्या शेजारी खुर्ची ओढली. "हं, आता मला शिकवा." माउस ते पेन्सिलीसारखा चिमटीत धरीत आणि तो टेबलावरून खाली घसरे. आम्ही दोघेही हसलो; इतक्या दिवसांत मी प्रथमच हसले. प्रत्येक वळण ते आठवणीतून सांगत, मी चौकट सरकवी, आणि प्रत्येक शीटचे टोक पुढच्या शीटवर थोडे चढवून ठेवी.

मोरी झाली, आधीपेक्षा रुंद झाली. पुढच्या पावसाळ्यानंतर साहेब मला मुद्दाम तिथे घेऊन गेले. मावशींनी घराची जमीन दाखवली. "कोरडी हाय बगा." साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

ते कार्यालय आता राहिले नाही. आज दौंडला माझ्या हाताखाली सहा मुलेमुली काम करतात. त्यांच्यापैकी कोणी चुकले की माझा आवाज चढू लागतो, आणि बाजारातून घाम पुसत आलेले साहेब डोळ्यांपुढे येतात. मी आवाज खाली आणते.

साहेब, त्या दिवशी तुम्ही आला नसता तर मी अंगणातच बसून राहिले असते. हे तोंडावर सांगायला मला कधी जमले नाही, म्हणून तुमच्या साठीच्या निमित्ताने सर्वांसमोर लिहिते आहे. तुमच्या गुडघ्यांना बळ राहो, भूक चांगली लागो, झोप शांत येवो, आणि आम्हांला तुमच्या पाया पडायला अजून खूप खूप वर्षे मिळोत.