अरीबची वाचणारी बाई

अरीब मॉनिटर बंद ठेवतो. चहाचा कप नेहमी डावीकडे, की-बोर्डपासून वीतभर लांब. बटणं दाबताना मान तिरकी, बाहेरून कुणी हाक मारल्यासारखी. नवीन पान उघडलं की आधी शीर्षकं ऐकतो, मग मजकूर. जाहिरात लागली की 'च्यक' करतो. विनोदावर हसतो, तोवर बाई दोन ओळी पुढं गेलेली असते.

बाई म्हणजे संगणकातला आवाज. अरीबला जन्मापासून दिसत नाही. शाहूपुरीत वडिलांच्या सीटकव्हरच्या दुकानामागं त्याची खोली. जुन्या संगणकावरून त्यानं चित्रं, खिडक्या, माउस सगळं हद्दपार केलेलं. उरला अक्षरांचा काळा पडदा आणि त्यावर येईल ते वाचणारी बाई. अख्खं इंटरनेट तो असं ऐकतो. मोहरी तडतडावी तसा तिचा वेग. कृष्णात पहिल्यांदा शेजारी बसला तेव्हा त्याला एक शब्दही कळला नाही. आजही कळत नाही.

कृष्णात त्याच गल्लीतला, मराठी घेऊन बी.ए. झालेला. बाई येण्याआधी दर रविवारी तोच अरीबला वाचून दाखवायचा. पुरवण्या, कथा, जाड कादंबऱ्या. आता रविवारी तो नुसता बसायचा आणि बाईवर जळायचा. आवाजावर काय जळायचं, असं स्वतःला समजवायचा. उपयोग व्हायचा नाही.

त्या रविवारी मात्र त्याच्या पिशवीत दिवाळी अंक होता. अंकात त्याची पहिली कथा. ती अरीबला आपणच वाचून दाखवावी, एवढंच त्याला हवं होतं. आल्या आल्या त्यानं ते सांगूनही टाकलं.

"अंकाची वेबसाइट हाय की," अरीब म्हणाला. "थांब, काढतो."

"मी आलोय की वाचायला."

"तू वाचणार, रडायची जागा आली की आवाज कापरा करणार. मग मला कसं कळायचं लेका, कथा चांगली हाय का तुझा गळा? बाईला सोंग जमत न्हाय."

दारातून त्याची आई हाफिजा हसली. "ह्याचं लगीन लागलंय त्या बाईशी. तू कशाला मधी पडतोस, कृष्णात?"

बाई सुरू झाली. महिनोन्महिने घासलेली वाक्यं ती श्वास न घेता पळवत होती. निदान कुठं पोचली ते बघावं म्हणून कृष्णातनं मॉनिटर लावला. त्या काळ्या पडद्याला मराठी अक्षरं उमटवता येत नव्हती. ओळीच्या ओळी नुसते पांढरे चौकोन. डोळे असून त्याला स्वतःची कथा वाचता येईना.

एकदा अरीबच्या भुवया वर गेल्या. एकदा ओठ हलले. कुठल्या वाक्याला? बाईला ठाऊक होतं. लिहिणाऱ्याला नव्हतं.

"अरीब, रेक्झिन धर की जरा!" दुकानातून वडिलांची हाक आली. अरीबनं बटण दाबलं. बाई शब्दाच्या मध्येच गप्प झाली.

परत आला तो हात पुसतच. "आपल्या तालमीची फुटबॉलची मॅच संपली असंल. निकाल बघू आधी."

बाई गोल सांगू लागली.

"आणि माझी कथा?"

"ऐकतो की. थोडीच राहिलीया."

त्यानंतर किती रविवार गेले. ती थोडी अजून राहिलेलीच आहे.