वहिनीची चेष्टा

आमच्याकडं अनोळखी माणसालाही नात्यात ओढून घेतात. मला ते आवडतं. पण कारखान्यातल्या एका सुपरवायझरनं या आपलेपणाचा जो उपयोग चालवला होता, तो आठवला की अजून डोकं तापतं.

सुट्या भागांची तपासणी करायला पेठ वडगावची एक मुलगी नवी लागली होती. नुकतं लग्न झालेली, कामाला चोख. सुपरवायझर तिला पहिल्या दिवसापासून ‘वहिनी’ म्हणू लागला. मग वहिनीची चेष्टा आलीच. आधी गजऱ्यावरून, मग नवऱ्यावरून, आणि शेवटी वाट अडवून हात धरण्यापर्यंत मजल गेली. बघणारे हसायचे.

मी हिशेब विभागात होते आणि तक्रार समितीतही. एका दुपारी ती माझ्याजवळ आली. “मॅडम, उद्यापासनं येत न्हाय.”

कारण ऐकून मला इतका संताप आला की डबा तसाच राहिला. “मग तक्रार कर की. नोकरी तू का सोडायची?”

“काय म्हणून करू? सगळी म्हणत्यात, चेष्टाच हाय.”

“तुला नकोशी आहे ना? मग ती चेष्टा नव्हे. कायदाही तेच सांगतो.”

दोन दिवसांनी तिनं तक्रार दिली.

समितीपुढं सुपरवायझर निवांत बसला होता. “आमच्यात वहिनीची चेष्टा चालतीच की, मॅडम.”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तीच बोलली. “मला बी दीर हायत. चेष्टा करत्यात, पर मी नको म्हटलं की गप बसत्यात. तुमास्नी किती येळा नको म्हटलं, सांगा बघू.”



चौकशीत त्याचा दोष सिद्ध झाला. तरी एका साहेबांनी मोठ्या मायेनं सुचवलं, तिलाच दुसऱ्या विभागात हलवू, म्हणजे त्रास मिटेल. मी भांडायला पदर खोचलाच होता.

तिनं शांतपणे विचारलं, “साहेब, मी काय केलंय?”

साहेबांनी आपली सूचना मागं घेतली. बदली सुपरवायझरची झाली आणि त्याची पगारवाढही थांबली.

सोमवारी ती आपल्या जागेवर कामाला बसली, तेव्हा मला फार बरं वाटलं. हसणाऱ्यांतला एक जण चाचरत तिच्याजवळ गेला. “ताई, आमचं चुकलंच.”

तिनं हातातलं काम थांबवलं नाही.

“ते ऱ्हाऊ दे. फुडच्या पोरीच्या येळंला हसू नगासा, म्हंजे झालं.”