द्वारकामावशीची डांगरवाडी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, आणि ज्यांच्यासोबत ते शिबिर केलं त्या मित्रांजवळ तर नाहीच. आता बोलतोय ते धीर आला म्हणून नव्हे — लपवण्याचाच कंटाळा आलाय.

राज्य नवं होतं, श्रमदानाची हवा होती. आमच्या कॉलेजात सेवेचे तास भरल्याशिवाय परीक्षेला बसू देत नसत. मोताळ्याच्या बाजूला एका गावात नदीच्या कामाचं शिबिर निघालं. काठ बेशरमाच्या झुडपांनी भरून गेला होता. ती उपटायची, करंज-उंबर लावायचे, म्हणजे खालच्या डोहात पुन्हा मासे येतील. सरांनी एकच गोष्ट बजावली होती — बेशरमाचं ओलं दांडकं जिथे पडेल तिथे मूळ धरतं. म्हणून प्रत्येक मोळी दरड चढून माळावर न्यायची, वाळवायची, जाळायची. (त्या झाडाच्या नावावरून मारायचे टोमणे मी स्वतःला मारून थकलोय, तुम्ही तसदी घेऊ नका.)

माझ्या वाट्याचा काठ सगळ्यात वरच्या अंगाचा. आसपास कुणी नाही, फक्त द्वारकामावशी. भाजीपाला करणारं घर त्यांचं. दिवाळीनंतर पाणी ओसरलं की ग्रामपंचायत नदीच्या वाळूतले तुकडे वाटून देई, त्यात मावशी टरबुजांची आणि डांगरांची, म्हणजे खरबुजांची, वाडी करायच्या. त्यावरच घर चालायचं. नवरा नव्हता. त्या मे महिन्यात हंगाम संपला होता आणि मावशी वाडीचं कुंपण उपटत होत्या. कुंपणही बेशरमाचंच — गुरं तोंड लावत नाहीत म्हणून सगळेच तसं करायचे. शेवटचं डांगर त्यांनी मला कापून दिलं. मग एकेक दांडकं वेचून माझ्यासमोर वाळूत जाळलं. मी डांगर खात पाहत होतो.

आणि मी काय केलं? ऊन डोक्यावर, हात चिकाने काळे पडलेले, दरड उभी. बाजूला एक घळ होती. मावशी घरी गेल्यावर माझ्या सगळ्या मोळ्या मी त्या घळीत लोटल्या, वर वाळू ओढली. कुणाला कळणार होतं?

पावसाळ्यात घळ धुऊन निघाली.

दिवाळीनंतर उरलेले तास भरायला पुन्हा गेलो, तर डोह दिसत नव्हता. पाण्यात, गाळात, आम्ही लावलेल्या करंजांच्या आळ्यांत — सगळीकडे बेशरम. आणि त्याच दिवशी पारावर वाड्यांचं वाटप चाललं होतं. सरपंच म्हणाले, वरच्या अंगाला वाडी होती ती एकट्या द्वारकाची, तिचंच कुंपण वाहून आलं. यंदा तिला वाळू नाही. सर होकाराची मान हलवत होते.

मावशींनी मला गर्दीत पाहिलं. केवढ्या आशेनं पाहिलं — ते डोळे अजून मनातून जात नाहीत.

“बाबू, तू होता नं तठी? म्या कुंपण जाळलं, तुह्या डोयासमोर. सांग नं या लोकायले.”

हो म्हणायचं होतं, एवढंच. पण हो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला — मग डोहातलं कुणाचं? वरच्या अंगाला दुसरं कोण होतं? तास रद्द झाले असते, परीक्षा गेली असती, वडिलांनी घरात घेतलं नसतं. हे सगळं मी तिथे उभ्या उभ्या मोजलं. घाबरून तोंडून निघून गेलं, असं मी म्हणणार नाही. नीट विचार करून म्हणालो, “मले नाही आठवत, मावशी.”

त्या रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या सरपंचांकडे वळल्या.

“जाऊ द्या भाऊ, लेकरू हाये थे. त्याले कायचं आठवते.”

त्यांना वाळू मिळाली नाही. त्या वर्षी नाही, नंतरही नाही. त्या लोकांच्या शेतात निंदायला जाऊ लागल्या. माझे तास भरले, मी परीक्षा दिली, नोकरी केली, निवृत्त झालो.

मला सगळं आठवत होतं. डांगर गोड होतं, तेसुद्धा.