कुंडाकाठी पुरलेला पत्रा

इस्तारीला साठ फूट उंच खांबावर चढायची भीती नव्हती, आणि शाळामास्तराच्या शब्दावर विश्वास ठेवायचीही नव्हती. खांबानं त्याचं कधी काही बिघडवलं नाही. मास्तराच्या शब्दापायी मात्र त्याची बायको गेली, तळं गेलं आणि मुलगी त्याच्याशी बोलेनाशी झाली. तो मास्तर म्हणजे मीच. हे इस्तारीचं चरित्र असलं तरी त्यात मधूनमधून माझं तोंड दिसणार, आणि ते फारसं बघण्यासारखं नाही.

आमचं गाव आरमोरीपासून तीन कोस आत. गावाला मोठं तळं, तळ्याच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून सातवीपर्यंतची शाळा आणि शाळेमागे माझी खोली. लढाईत मी आसामात सिग्नलच्या पलटणीत होतो. लढाई संपली, मी मास्तर झालो, पण कानातली मोर्सची कट्ट-कड काही गेली नाही. शेवटी परीक्षा देऊन हौशी वायरलेसचा सरकारी परवाना मिळवला, नागपूरच्या लिलावातून पलटणीचा जुना संच आणला आणि गावात वीज नसल्यामुळे त्याच्या बॅटऱ्या बैलगाडीनं वडशाच्या राइस मिलमध्ये भरायला पाठवू लागलो. लोक मला येडा समजत. ते अगदीच चूक होतं असं नाही.

एरियलसाठी उंच खांब हवा होता. १९५२च्या दिवाळीनंतर तळ्यात मासे धरणारा इस्तारी ढिवर तो उभा करायला आला. अंगानं काटकुळा, बोलायला मोजका, पण बोटं अशी की दोरीनं स्वतःहून वळावं. त्यानं ऐनाच्या लाकडी बल्लीवर दोन वेळू जोडले, चारी बाजूंनी दोरीचे ताण दिले आणि वर चढून तार बांधली. जाळ्याला मारतात त्या गाठी त्यानं तिथं मारल्या. त्यातली एकही मला सोडता येईना. अंबाडीची दोरी भिजली की आखडते आणि खांब मोडू शकतो, म्हणून आभाळ भरून आलं की तो न बोलावता यायचा, ताण जरा ढिले करायचा आणि मुकाट जायचा.

एकदा तो संचाजवळ बसला होता. मी सिलोनच्या एका गृहस्थाशी मोर्समध्ये ठोकत होतो.

"काय म्हन्ते तो मानूस?" त्यानं विचारलं.

"म्हणतो, तुमचं छान ऐकू येतंय."

"मंग तुमी काय म्हन्ता?"

"मी म्हणतो, तुमचंही छान ऐकू येतंय."

इस्तारीनं खिडकीतून खांबाकडे पाहिलं. "येवढ्यासाठी साठ फूट?" असं म्हणून तो इतका हसला की मलाही हसू आवरेना.

आता त्या पत्र्याबद्दल. उंच खांब म्हणजे विजेला आमंत्रण. म्हणून खांबाच्या टोकापासून तांब्याची जाड तार खाली आणतात आणि तिचं टोक तांब्याच्या पत्र्याला जोडून तो पत्रा कोळसा आणि मीठ घालून ओल्या जमिनीत पुरतात. वीज पडली तर तारेनं उतरून जमिनीत जिरावी. पण जमीन ओलीच हवी. माझ्या खोलीमागे नुसता मुरूम. तिथं पत्रा पुरायचा तर उन्हाळाभर रोज दोन घागरी पाणी ओतावं लागलं असतं. दोनच घागरी. मला त्याचा कंटाळा आला. या सगळ्या कथेच्या मुळाशी माझा तो कंटाळा आहे, दुसरं काही नाही.

मी इस्तारीला विचारलं, उन्हाळ्यातही ओल टिकेल अशी जागा कुठं?

"कुंडाच्या काठी," तो म्हणाला. "वैशाखातही तिथी पाय रुतते."

कुंड म्हणजे तळ्याचा सगळ्यात खोल भाग, आमच्या पाळीच्या पायथ्याशी. सगळं तळं आटलं तरी तिथं कमरेएवढं पाणी राहतं. खांबापासून तिथवर ऐंशी हात अंतर. आम्ही चर खणून तार नेली आणि पाण्याच्या काठाशी पत्रा पुरला. माती लोटता लोटता इस्तारी थांबला.

"मास्तर, वैशाखात तळं आटलं का आमी सारे ढिवर याच कुंडात उतरतो. बाया-मानसं, सारेच. तवा काई होनार त नाई?"

माझ्याकडे सिग्नलचं पुस्तक होतं. त्यात ठळक लिहिलं होतं की पत्रा माणसं आणि गुरं वावरतात तिथं पुरू नये. मी ते वाचलेलं होतं. पण त्या दिवशी ऊन चढलं होतं, चर खणून झाला होता, आणि अशा ओल्या जागी पत्रा पुरला की आवाज लांबवर जातो हेही मला ठाऊक होतं.

"काही होत नाही," मी म्हणालो. "वीज जमिनीत जिरते."

"तुमी म्हन्ता त झालं," असं म्हणून त्यानं माती दाबली.

पुढच्या वैशाखात तळं आटलं. ठरल्या दिवशी सगळे ढिवर कुंडात उतरले. पुरुष जाळी घेऊन, बाया टोपल्या घेऊन. वर्षातली ती शेवटची मासळी सगळ्यांत सारखी वाटली जाते, त्यामुळे घरातलं कोणी मागे राहत नाही. इस्तारीची बायको चंदाबाई माझ्या खिडकीसमोरच गुडघाभर पाण्यात होती. तिसऱ्या प्रहरी पश्चिमेकडून आभाळ काळं होऊन आलं. पाऊस नव्हता, वारा आणि गडगडाट होता. इस्तारी ताण ढिले करायला कुंडातून निघून पाळीवर आला. मी आत जाऊन शिस्तीत संचाची तार सोडवली आणि एरियलचा खटका जमिनीच्या तारेवर टाकला.

खटका टाकताना कुंडातला हसण्याचा आवाज मला ऐकू येत होता. पुस्तकातली ती ओळही आठवली. बाहेर जाऊन ओरडायला चार पावलं पुरे होती. मी म्हटलं, एवढ्यात काय पडतेय.

पडली. खांबाचा वरचा वेळू फुटून उडाला. मी बाहेर धावलो तेव्हा कुंडातली माणसं चिखलात आडवीतिडवी पडली होती. एकेक करून बाकीचे सगळे उठले. पत्र्यापासून सर्वांत जवळ चंदाबाई होती. ती उठली नाही. इस्तारी पाळीवरून धावत उतरला आणि तिला उचलून काठावर आणताना दोनदा पडला. तिच्या टोपलीतले मासे चिखलात उड्या मारत होते.

माझ्या संचाला साधा ओरखडाही पडला नाही. खटक्यानं आपलं काम चोख केलं होतं. वीज तशीही पाण्यात पडली असती, असं मी पुढं कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिलो. पडली असतीही. पण ती पडली माझ्या खांबावर आणि कुंडात उतरली माझ्या तारेनं.

तेराव्यानंतर ढिवरांची पंचायत बसली. बापूजी म्हणून म्हातारे पंच होते. त्यांचा नियम जुना आणि सरळ. जातीला विचारल्याशिवाय तळ्यात कोणी काही रोवायचं नाही. रोवलं तर त्याचं जे होईल ते रोवणाऱ्याच्या माथी. मला त्यांनी मानानं खुर्ची दिली होती. बाकी सगळे जमिनीवर. इस्तारीची मुलगी कुंता, तिसरी होऊन नुकतीच चौथीत गेलेली, बारा वर्षांची, मावशीच्या मांडीला टेकून बसली होती.

"जागा कोनं दाखवली?" बापूजींनी विचारलं.

"म्या," इस्तारी म्हणाला.

"मंग मास्तरानं तुले काई सांगतलं होतं का नाई? धोका हाये म्हनून?"

इस्तारीनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडायला हवं होतं. एका वाक्याचंच काम होतं. पण परवाना जाईल, पोलीस येतील, नोकरीवर गदा येईल, हे सगळं माझ्या डोक्यात त्या वाक्याच्या आधी येऊन बसलं होतं. मी धोतराचा सोगा चाळवत राहिलो.

"सांगतलं होतं," इस्तारी म्हणाला. "आभाळ आलं का कुंडातून निंगा म्हने. मीच आयकलं नाई. चंदीलेही सांगतलं नाई."

कुंतानं बापाकडे वळून पाहिलं. मुलीच्या चेहऱ्यावर तसा भाव मी पुन्हा कधी पाहिलेला नाही, आणि पाहायची इच्छाही नाही. पंचांनी निकाल दिला की या तळ्यात इस्तारीचं जाळं कायमचं बंद. ढिवराला तळं बंद म्हणजे काय, ते गावाबाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. त्याची सकाळ कुठं उगवणार हाच प्रश्न पडतो.

संध्याकाळी तो माझ्या दाराशी आला. मी त्याला आत बोलावलं, पण त्याच्या डोळ्याला डोळा देता येईना.

"खोटं काऊन बोललास?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

"तुमाले इथून हलवलं त दुसरा मास्तर कवा येते?" तो म्हणाला. "तुमच्या आधी तीन वर्षं शाळेले कुलूप होतं. चंदीले वाटे, पोरीनं शिकावं. कुंता सातवी पास होऊ द्या. मंग तुमाले जे सांगायचं ते सांगा."

मला तेव्हा बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण खरंच बरं वाटलं. माझ्या भित्रेपणाला त्यानं एक चांगलं नाव मिळवून दिलं होतं.

कुंता मावशीकडे राहू लागली. आईला बापानं मारलं, हे तिच्या मनात पक्कं बसलं. इस्तारी वैनगंगेच्या काठी झोपडी बांधून राहिला, नदीत मासे धरू लागला, कधी बांबूच्या कामावर जाऊ लागला. दर आठवड्याला तो मुलीसाठी मासे आणायचा आणि मावशीच्या ओट्यावर ठेवून जायचा. कुंता त्यांना शिवत नसे. मी मात्र तिला मन लावून शिकवलं. शाळा सुटल्यावर गणित, सकाळी व्याकरण. गाव म्हणे, मास्तर देवमाणूस. मी ऐकून घेत असे.

खांब उतरवायला हवा होता. मी उतरवला नाही. कुंडाकाठचा पत्रा काढून खोलीमागे मुरमात पुरला आणि रोज दोन घागरी पाणी ओतू लागलो. चार वर्षांत एकही दिवस चुकवला नाही. इतका मी नेमाचा होऊ शकत होतो.

१९५७च्या जूनमध्ये कुंता सातवीची फायनल पास झाली, आमच्या शाळेतली पहिली मुलगी. चांद्याला मास्तरणींच्या ट्रेनिंगला तिचा नंबर लागला. दुपारच्या बसनं निघायचं होतं. सकाळी ती पेढ्यांचा पुडा घेऊन पाया पडायला आली. मी चहा ठेवला.

"बाबांना भेटलीस?" मी विचारलं.

"नाई. त्याले सांगतलंच नाई."

"अगं, सांगायला हवं."

"तुमी सांगतलेलं त्यानं कुठी आयकलं होतं, गुर्जी? आयकलं असतं त आई राह्यली असती." ती शांतपणे म्हणाली. चार वर्षं हे वाक्य मनात घोटून गुळगुळीत झालेलं दिसत होतं.

सातवी झाली होती. इस्तारीनं मागितलेली मुदत संपली होती. आता गप्प बसायला मला कुणाचाही आडोसा उरला नव्हता. मी सांगितलं. पत्रा पुरताना त्यानं मला विचारलं होतं, मी काही होत नाही म्हणालो होतो, पुस्तकात काय लिहिलं होतं, खटका टाकताना मला काय ऐकू आलं, पंचांसमोर तो कुणासाठी खोटं बोलला. सगळं सांगितलं. सांगायला चहा उकळण्याएवढाही वेळ लागला नाही.



"बाबा माह्या शाळेसाठी गप्प राह्यला," कुंता म्हणाली. "तुमी काऊन राह्यले?"

मी पलटणीतला माणूस, वीस शब्दांचा संदेश मिनिटात ठोकणारा. मी चहा कपात ओतून तिच्यापुढे ठेवला.

तिनं चहाला हात लावला नाही. मेजावर ठेवलेला पेढ्यांचा पुडा उचलला आणि बाहेर पडली. बसच्या रस्त्याला न वळता ती नदीच्या पायवाटेनं निघाली, आधी भराभर चालत, मग पळत. गुरूसाठी आणलेले पेढे ती बापाकडे घेऊन चालली होती. मी दारात उभा राहून पाहत होतो. मी तिला हाक मारली नाही, कारण ते पेढे माझे नव्हतेच.