काकूंनी सांगितलेला दुसरा भाग

काकू काहीही सांगायला लागल्या की आधी समोरच्याचं मनगट धरायच्या. पकड अशी, की ऐकणाऱ्याला पळायची सोय नाही. मग म्हणायच्या, "पुढचं ऐका तर खरं!" अहो, पण मागचं कुठं सांगितलंय अजून? हे विचारायची हिंमत विजय नगरातल्या आमच्या गल्लीत कोणाची नव्हती.

मी त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होते. खाली काका-काकू दोघंच. मुलगी लग्न होऊन नागपूरला.

काकूंच्या गोष्टीत एक खोड होती. तिच्यात कोणाचं वाईट म्हणून व्हायचंच नाही. कोपऱ्यावरची सून भांडून माहेरी गेली, हे सगळ्या गल्लीनं खिडकीतून पाहिलेलं. काकूंच्या तोंडी ती सून आईकडं लोणचं शिकायला गेलेली असायची. आणि गंमत बघा, ती परत आली ती बरणी घेऊनच! लोणचं होतं की आणखी काही, देव जाणे.

काका अगदी उलटे. सरकारी कारखान्यात त्यांनी जन्मभर नकाशे काढले. रेघ केसभर सरकली तर कागद फाडणारा माणूस. "पाव किलोची गोष्ट ही किलोभर करून आणते," असं ते माझ्याकडं तक्रार केल्यासारखं म्हणायचे. काकू आतून ओरडायच्या, "पाहुण्याला पाव किलो वाढतात का कोणी?"

मग काचबिंदूनं काकांचे डोळे गेले. आधी एक, मग दुसरा. काकू त्यांना पेपर वाचून दाखवायला लागल्या, आणि तिथंच घात झाला. एकदा तिलवाऱ्याच्या रस्त्यावर बस उलटल्याची बातमी होती. काकूंनी वाचलं, सगळे वाचले, ड्रायव्हरलासुद्धा खरचटलं फक्त. संध्याकाळी टीव्हीवर काकांनी खरं काय ते ऐकलं. असे भडकले की आवाज वरपर्यंत आला.

"मी आंधळा झालो, येडा नाही झालो!"

दुसऱ्या दिवसापासून पेपर वाचायला मी. काकू दारात उभ्या राहून ऐकायच्या, मधे एक शब्द बोलायच्या नाहीत. काकांनी बाहेर पडणंच सोडलं. नर्मदेवर ग्वारीघाटाला जाणं बंद, बागेत जाणं बंद. नुसते खुर्चीत बसून राहायचे. काकू मला जिन्यात गाठून म्हणायच्या, "बेटा, हा माणूस माझ्या डोळ्यांसमोर विझून राहिला. मी काय करू?" मनगट धरायच्या, पण पुढचं काही नसायचं.

अशात एका सिनेमाचा दुसरा भाग आला. पहिला भाग दोघांनी मिळून पाहिला होता, काकांचे डोळे शाबूत असताना. परग्रहावरची लढाई, यानं, यंत्रमानव, सगळा तामझाम. काकू त्यात चक्क झोपल्या होत्या. काकांना मात्र त्यातला एक जुना, एका हाताचा यंत्रमानव फार आवडला होता. का, तर तो खोटं बोलत नाही! दुसरा भाग कधी येतो याची त्यांनी कितीतरी वर्षं वाट पाहिली, आणि आला तो असा.

"चला ना," काकू म्हणाल्या.

"कशाला? कोण सांगणार मला? तू? तू तर तिथं वेगळाच सिनेमा काढशील."

"जसंच्या तसं सांगीन. नर्मदा मैयाची शप्पथ!"

आमच्याकडं ही शपथ कोणी उगाच घेत नाही. चहा पिताना, भाव करताना तर नाहीच नाही. "अच्छा," काका म्हणाले. "चलो."

मॉलमधल्या थिएटरात दुपारचा खेळ. मधे काकू, एका बाजूला काका, एका बाजूला मी. सिनेमा हिंदीत होता, पण असल्या सिनेमात बोलणं ते किती! सगळं दिसण्यातच. काकूंनी काकांचं मनगट धरलं आणि सुरू झाल्या.

"एक मोठी कढई येऊन राहिली आकाशातून. भंडाऱ्याच्या जेवणावळीला असते ना, तशी. उलटी. बुडातून आग."

"यान आहे ते."

"यानच. पण कढईसारखं. आता झाकण उघडलं. आतून सगळे डबेच डबे उतरून राहिले."

"डबे?"

"चालणारे. माझ्याकडं साखरेचा आहे तसे."

पुढच्या रांगेतली कॉलेजातली पोरगी वळली. "आंटीजी, धीरे." काकूंनी आवाज खाली आणला. थोड्या वेळानं तीच पोरगी परत वळली. "आंटी, हिंदी में बोलिए ना. हमको भी कुछ समझ में नहीं आ रहा."

काका हसले. मी तो आवाज कधीचा ऐकला नव्हता. काकूंनी माझ्याकडं अशी मान ताठ करून पाहिलं, की जणू यान त्यांनीच उतरवलं.

शेवटाकडं त्या परग्रहावरच्या तळाला आग लागली. सगळी माणसं यानात चढत होती आणि तो एका हाताचा यंत्रमानव जड दार धरून उभा होता. काकू सगळं नीट सांगत होत्या, एक शब्द इकडचा तिकडं नाही. दार मिटलं. तो आत, तळावरच राहिला. आगीत कोसळला.

काकू थांबल्या.

"काय झालं?" काका म्हणाले. "काहून चूप झालीस?"

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मनात म्हटलं, गेलं! आता खरं सांगतील आणि हा माणूस घरी जाऊन परत खुर्चीत बसेल.

"काही नाही हो. डोळे पुसून राहिले."

"काहून?"

"तो वाचला ना, म्हणून. निघाला बाहेर. थोडा जळला, पण चालून राहिला."

तेवढ्यात पडद्यावर यानाचा कप्तान भरल्या गळ्यानं म्हणाला, "हम उसे कभी नहीं भूलेंगे." काकूंना नेमका तेव्हाच जोराचा खोकला आला. काका पुढं झुकले होते ते हळूच मागं टेकले. मनगट त्यांनी सोडवून घेतलं नाही.

ऑटोत काका म्हणाले, "नंतर तो काही बोललाच नाही गं."

"दवाखान्यात नेला त्याला."

"यंत्राला दवाखाना?"

"मग गॅरेज म्हणा!"

काका घरापर्यंत हसत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू एकट्या ग्वारीघाटावर गेल्या, नारळ वाहून आल्या. मला म्हणाल्या, "मैयाला सांगितलं, तू पण बाईच आहेस, समजून घे." त्या संध्याकाळी काका आपणहून चपला शोधायला लागले. मग रोज दोघं बागेत. पेपर वाचायचं काम माझ्याकडून काढून काकांनी काकूंना परत दिलं. मी वरून ऐकायची. जगात काय सुंदर दिवस चालले होते म्हणून सांगू!

काकू दोन वर्षांनी गेल्या. साधा ताप म्हणता म्हणता गेल्या. मला त्यांचा अजून राग येतो. गोष्ट अर्धी टाकून जायची ही रीत झाली का?

तिसरा भाग आला तेव्हा मी खाली गेले. "काका, चला. मी आहे ना सोबत. सगळं सांगीन, जसंच्या तसं."

"नको बेटा."

"काहून? तुम्हाला तर इतका आवडतो."

ते खुर्चीच्या हातावर बोटं फिरवत राहिले.

"ती म्हणाली तो वाचला," ते म्हणाले. "आणि तू तर जसंच्या तसं सांगशील."