नवरदेव आला का?

लहान मूल असलेल्या घरात एकेकटे मोजे साठतात, तसे आमच्या क्लासचे किस्से साठलेत. टाकवत नाहीत, आणि जोडीचा दुसरा सापडेपर्यंत थांबायचा माझा स्वभाव नाही. म्हणून सांगूनच टाकते.

क्लास म्हणजे बिरादार मॅडमचा इंग्रजीचा क्लास. मॅडम शाळेतून रिटायर होऊन नांदेडला लेकाकडे आलेल्या. त्यांच्या हॉलमध्ये सतरंजीवर आम्ही पाचसहा बायका. मी एम.ए. इंग्लिश आहे, पण गाइड वाचून झालेली. ईरा झाली तेव्हा नोकरी सुटली ती सुटलीच. आता ती बालवाडीत जाते, आणि एका शाळेनं मला डेमो लेसनला बोलावलं होतं. सहावीचा वर्ग, प्रेझेंट परफेक्ट पॅसिव्ह. काम झालेलं आहे एवढं सांगायचं, कुणी केलं ते सांगायलाच पाहिजे असं नाही. ही नोकरी हुकली तर पुन्हा कुणी बोलावणार नाही, असं मी स्वतःच ठरवून बसले होते.

"घाबरू नका," मॅडम म्हणाल्या. "माझी एक गोष्ट आहे. तीच सांगा."

*

गोष्ट छोटीशी. लातूरचं लग्नघर. द मांडव हॅज बीन पुट अप. द लाइट्स हॅव बीन लिट. द ब्राइड हॅज बीन ड्रेस्ड. सगळं तयार, फक्त वऱ्हाड यायचंय. मॅडमनी फळ्यावर लिहिलं, "द राइस हॅज बीन कुक्ड."

"नुसता भात?" शेटेकाकू म्हणाल्या. काकू उदगीरच्या, घरचं कापड दुकान. नातवाच्या शाळेत मीटिंगला जाऊन गप्प बसायचा कंटाळा आला म्हणून क्लासला येतात. "पोरीवाल्यांची अब्रू हाय का न्हाई? बुंदी लिहा."

द बुंदी हॅज बीन मेड. मग भजी. मग वांग्याची भाजी. पार्लरवाली रुखसाना म्हणाली, "लातूर की शादी है ना मॅडम? पैले टँकर बुलाव."

द टँकर हॅज बीन कॉल्ड. मॅडमनी ते भाताच्याही वर लिहिलं.

*

दुसऱ्या दिवशी 'बाय' शिकवला. काम कुणी केलं ते सांगायचंच असेल तर. काकूंनी वाक्य केलं, "द शॉप हॅज बीन ओपन्ड बाय ह्यांनी."

"ह्यांनी म्हणजे कुणी? नाव सांगा."

काकूंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "नवऱ्याचं नाव न्हाई घेत मी."

"इंग्रजीत चालतं."

"इंग्रजीत त्यांचं नाव बदलतंय का?"

काकूंनी रुखसानाला कोपरानं ढोसलं. "तू सांग गं."

"बाय शिवलिंगअप्पा," रुखसाना म्हणाली.

तेव्हापासून काकूंचं वाक्य दोघी मिळून करतात.

*

घरी ईराला भरवताना माझी प्रॅक्टिस. एक घास, एक वाक्य, मग त्याचं मराठी. तिला मांडव, दिवे, बुंदी सगळं पाठ झालं. आणि रोज शेवटच्या घासाला, "नवरदेव आला का?"

"अजून नाही."

"का नाही?"

सासूबाई कंधारच्या. त्यांनी विचारलं, "वऱ्हाड कुठलं हाय?"

मी बोलून गेले, "असेल कंधारचं."

"आमची माणसं टायमावर निघतात. तुमच्या लातूरवाल्यांनीच अहमदपूरला गाडी थांबवून चहाला बसवलं असंल." माझं माहेर लातूर, त्यामुळे पुढचे दोन दिवस मला ते प्रकरण भोवलं.

*

क्लासमधून मी सारखी घरी फोन करते. ईरा पडली का, रडली का. एकदा फोन चुकून स्पीकरवर होता.

"पडली न्हाई, रडली न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "नवरदेव आला का म्हणून इचारून राहिली. काय सांगू?"

सगळ्या मॅडमकडे बघायला लागल्या.

"तो या टेन्समध्ये येत नाही," मॅडम म्हणाल्या. "इथं झालंय तेवढंच. तो फ्युचरला."

"आन तवर पोरगी तशीच बसवायची?" काकूंचा आवाज चढला. "भात गार झाला असंल."

*

डेमोच्या सकाळी ईराचं अंग गरम लागलं. थर्मामीटरला नाही लागलं, मला लागलं. तरी गेले.

सहावीचा वर्ग. प्रिन्सिपल मॅडम शेवटच्या बाकावर पेन उघडून. मी मांडव घातला, दिवे लावले, नवरी सजवली. टँकरला पोरं हसली. प्रिन्सिपल मॅडम हसल्या नाहीत. मग बेल झाली आणि पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "टीचर, नवरदेव आला का?"

इतके दिवस घरी हेच ऐकत होते, तरी उत्तर तयार केलं नव्हतं. "मला माहीत नाही," मी खरं ते सांगितलं.

प्रिन्सिपल मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "थँक यू. कळवू."

आठवडा गेला. मी मनातल्या मनात नापास होऊन घेतलं. वर्गात उभं राहून 'माहीत नाही' म्हणणारीला कोण ठेवेल? ईराची वेणी घालत होते तेव्हा फोन आला. शाळेतले क्लार्क होते.

"मॅडम, सहावीची पोरं इंग्रजीचा तासच होऊ देईनात. कुण्या लग्नाचं इचारून राहिलेत. सोमवारपासून कामावर या अन् काय ते मिटवा."

माझ्या हातातून वेणी सुटली.

"हॅलो? अजून एक, प्रिन्सिपल मॅडम लातूरच्या हायत," क्लार्कनी आवाज खाली आणला. "त्या इचारून राहिल्या, टँकर तरी आला होता का?"