लाल दोऱ्यानं शिवलेली पिशवी

फोन आला तेव्हा मी लोहाऱ्यात तहसीलच्या पायरीवर उभा राहून रांगेतल्या पुढच्या माणसाशी भांडत होतो. फोन शेजारच्या कमलवहिनींचा. "भावजी, हाय तसं या," एवढंच त्या बोलल्या. मी "आत्या?" म्हणून विचारलं, तर पलीकडून नुसता हुंदका... हातातले कागद तिथंच सोडून स्टँडवर पळालो. तर जीपवाला दोन सीट भरायची वाट बघत निवांत तंबाखू मळत बसलेला. तीस वर्षं एस.टी.त कंडक्टरकी केली मी. घंटी ओढून ओढून उजवा खांदा उतरला. आयुष्यभर लोकांच्या गाड्या वेळेवर सोडल्या आणि माझ्या वेळेला गाडी हलेना! शेवटी मीच खाली उतरलो आणि पानटपरीवरची दोन माणसं हाताला धरून आणून बसवली. त्यातल्या एकाला आमच्या बाजूला यायचंच नव्हतं, हे निम्म्या वाटेत कळलं.

घरी पोचलो तेव्हा आत्या गेलेली होती, तिला भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळावर राखेचा एक बारीक पट्टा राहिला होता, पुसायचा राहून गेलेला. मला सकाळ आठवली. सकाळी ती उंबऱ्यात बसून एका पांढऱ्या पिशवीचं तोंड सुईनं शिवत होती. मी चप्पल घालत होतो, रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजत होता. ती म्हणाली, "आरं, ऐक की, ह्या पिशवीचं..." मी म्हणालो, "आल्यावर सांग." ती म्हणाली, "आल्यावर आन् कवा? लई घाई बाबा तुला." आणि मी निघालो. त्यानंतर तिचा आवाज ऐकला नाही. ऐकून घ्यायला अर्धं मिनिट लागलं असतं. जीप थांबली असती... थांबली नसती तर दुसरी मिळाली असती.

सुंदराआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न होऊन भूम तालुक्यातल्या ईट गावी गेली आणि एकोणिसाव्या वर्षी कपाळ पुसून परत आली. सासरच्यांनी भांडी ठेवून घेतली, दागिना ठेवून घेतला. निघताना तिनं कणगीतून ओंजळभर ज्वारी घेतली, पदराच्या टोकाला गाठ मारली आणि चालू लागली. "ती ज्वारी म्या सोता पेरली व्हती, ती माजी," असं ती सांगायची. तेवढ्या एका गोष्टीवर तिचा हक्क होता, असं तिला वाटायचं. तिच्या वडिलांनी विहिरीजवळची दोन एकर तिला करायला दिली आणि त्या ओंजळीतून तिनं शेत उभं केलं. तेव्हापासून एकाही वर्षी तिनं ज्वारीचं बी विकत आणलं नाही. आसपास सगळीकडं सोयाबीन आलं, ऊस आला, पिशवीबंद बियाणं आलं. ही आपली दरसाल तीच ज्वारी धरून बसलेली.

माझी आई मी लहान असतानाच गेली. त्यामुळं मला आत्यानंच वाढवलं. पण शेती शिकवायचं तिला काही जमलं नाही, कारण माझ्यात दम नाही. हे मी मोकळेपणानं कबूल करतो. सात-आठ वर्षांचा असताना तिनं मला घराच्या मागं एक वाफा दिला होता, मेथी आणि भेंडी लावायला. मी रोज सकाळी बोटानं माती उकरून बघायचो, बी उगवलं का. चौथ्या दिवशी तिनं माझ्या हातावर सणसणीत चापट दिली. "निजलेलं लेकरू सारकं सारकं उटवलं तर वाडंल का रं?" माझ्या वाफ्यात तीन भेंड्या आल्या. तिच्या शेजारच्या वाफ्यातली भाजी गल्लीत वाटावी लागली.

रिटायर होऊन गेल्या वर्षी गावी आलो, तेव्हा ती ऐंशीच्या पुढं होती आणि मी साठीला टेकलेला, तरी आमचं तेच. परतीचा पाऊस उघडला आणि माझी भुणभुण सुरू झाली, पेरू या का? ती मूठभर माती उचलायची, दाबून तिचा लाडू करायची आणि कमरेएवढ्या उंचीवरून खाली टाकायची. लाडू चिकटून राहिला तर अजून ओल जास्त, फुटून मोकळा झाला तर वाफसा आला. "चिकलात बी घातलं की कुजतं, आन् वाळल्यावर घातलं की मुंग्या न्हेत्यात. तुजी गाडी काय सुटत न्हाई, थांब." गेल्या साली तिच्या माघारी मी एक पट्टा दोन दिवस आधी पेरलाच. तो विरळ उगवला. त्या पट्ट्याकडं बोट करून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "ही आमच्या कंडक्टरची ज्वारी. शिटा रिकाम्याच हायत्या."

बी धरायची तिची रीत ठरलेली होती. पीक उभं असतानाच ती शेताच्या मधोमध शिरायची, बांधाकडंचं एक कणीस घ्यायची नाही. भरदार, टपोरं, निरोगी ताटावरचं कणीस दिसलं की त्याला लाल दोरा बांधायची. काढणीला लाल दोऱ्याची कणसं वेगळी. ती मशीनमध्ये घालायची नाहीत, अंगणात काठीनं हलक्या हातानं बडवायची. चांगली आठ दिवस उन्हं द्यायची, मग चाळलेली राख आणि निंबाचा वाळला पाला घालून कोपऱ्यातल्या मडक्यात बंद. पेरणीचे दिवस आले की राख पाखडून बी स्वच्छ करायचं, शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, रांजणाच्या बुडाशी ठेवायचे आणि चौथ्या दिवशी उघडून किती कोंब आले ते बघायचं. ऐंशीच्या वर आले की ती खूश. मग बी पिशवीत भरून पिशवीचं तोंड लाल दोऱ्यानं शिवायचं. लाल दोरा म्हणजे बी, त्याला कुणी हात लावायचा नाही. हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं.

आणि आणखी एक. तिला हळदीकुंकवाला कुणी बोलवत नव्हतं. पण नवरात्रात घटाच्या मातीत घालायला गल्लीतल्या सात घरांना बी तिच्याच हातचं लागायचं. गौरी उठल्या की बायका येऊन मूठमूठ ज्वारी घेऊन जायच्या. आत्याचं बी घातलं की घट गच्च उगवतो, अशी त्यांची खात्री.

या वर्षी गौरी उठल्या, बायका बी घेऊन गेल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी आत्या गेली.

सावडून झाल्यावर पाहुण्यांची रीघ लागली. भावकीतल्या बायका भाकऱ्या करत होत्या. पाचव्या दिवशी आतून आवाज आला, पीठ संपलं. मला तर काहीतरी करायला हवंच होतं. एका जागी बसवत नव्हतं. दाराशी पांढरी पिशवी दिसली, उघडून बघितली, स्वच्छ पाखडलेली टपोरी ज्वारी. उचलली, शेजाऱ्याच्या गाडीवर टाकली, गिरणीत नेली, दळून आणली. पाहुणे जेवले. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "भाकर लई गोड लागली." मला तेवढंच बरं वाटलं.

चौदाव्या दिवशी मळकी कापडं धुवायला काढली. सदऱ्याच्या खिशातून लाल दोरा निघाला. पिशवीचं तोंड मीच दातानं तोडून उघडलं होतं, आणि उचलून टाकायची सवय नाही म्हणून तिकिटाच्या कागदासारखा दोरा खिशात ठेवला होता! मी मोरीतच खाली बसलो. साठ वर्षांच्या वर तिनं जे जपलं, ते मी दोन दिवसांत पाहुण्यांना खायला घातलं होतं. शिव्या घालाव्यात तर कुणाला? मलाच घातल्या, मोठ्यानं.

मग धावाधाव. मडक्यातली राख तीनदा चाळली. आत्याची चाळणी ती, एक दाणा मागं राहिलेला नव्हता. ईटला जाऊन आलो. तिच्या सासरच्या घरातली नवी माणसं चांगली वागली, चहा दिला, पण जुनी ज्वारी म्हटल्यावर एकमेकांकडं बघायला लागली. दोन-तीन गावं हिंडलो. दुकानात बी मिळत होतं, पण ते घेऊन मी काय करू? झोप नाही, जेवण गोड नाही. सारखं डोक्यात तेच, "ह्या पिशवीचं..." पुढं काय म्हणणार होती ती?

सात घरांची आठवण मला आधीच झाली होती. खोटं कशाला बोलू. पण बी मागायचं म्हणजे काय केलं ते सांगायला लागणार. चार दिवस मी त्या लाजेपायी घालवले. घट बसायला थोडे दिवस उरले तेव्हा कमलवहिनींच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

वहिनी चुलीपुढून उठल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "म्हाईत हाय की."

"माहीत?"

"पीठ मळायला घेतलं तवाच कळलं. आसं चिकट पीठ दुसऱ्या ज्वारीचं व्हतंय का? समद्याजणींनी वळखलं."

"मग बोलला का नाहीत?"

"दळून आलेल्याचं बी व्हतंय व्हय, भावजी? आन् तुमचं त्वांड बगवत नव्हतं." त्यांनी डोळ्याला पदर लावला. "आत्तीच्या दिवसात आत्तीचीच भाकर खाल्ली आमी. एकीच्याबी घशाखाली सरळ उतरली न्हाई."

मग त्या उठल्या आणि देव्हाऱ्याखालून फडक्याची पुरचुंडी काढली. घटापुरती चिमूटभर ज्वारी त्यांनी बाजूला काढली आणि बाकीची माझ्या हातावर ठेवली. मग मला बसवून स्वतःच गल्लीतून फिरून आल्या. सहा पुरचुंड्या आणखी. मी, साठीचा बाप्या, त्यांच्या ओट्यावर बसून ढसाढसा रडलो.

मोजून दहा दाणे गोणपाटात घालावे म्हटलं, पण तेवढेही वाया घालवायचा धीर झाला नाही. विहिरीजवळची चार गुंठे जागा नीट केली, काडीकचरा वेचला, ढेकळं फोडली. मातीचा लाडू करून टाकला. चिकटला. दुसऱ्या दिवशी टाकला. चिकटला. तिसऱ्या दिवशी फुटला. तिफण लावली नाही. एकेक वीत अंतर सोडून, दोन बोटं खोल, दोन-दोन दाणे हातानं टोकले. कमरेचा पार भुगा झाला. अख्ख्या आयुष्यात एवढं सावकाश काम मी कुठलंही केलं नाही.

आज घटाची दुसरी माळ, आणि पेरून चौथा दिवस. वहिनींच्या घटात अजून काही दिसत नाही. मी सकाळपासून दोनदा बघून आलो, तिसऱ्यांदा गेलो तर त्यांनी दारातच अडवलं, "भावजी, देवीला जरा बसू तरी द्या." मग शेतात गेलो. काळी माती, वर काही नाही. उकिडवा बसलो. पहिल्या ओळीतल्या पहिल्या खड्ड्यावर बोट ठेवलं. नुसतं वरचं जरा सारून बघावं, एकच... आणि हात मागं घेतला. चापट मारायला कुणी नव्हतं, तरी घेतला.

घरी आलो. कोपऱ्यातलं आत्याचं मडकं उचललं, त्यातली राख पुन्हा एकदा चाळली आणि अंगणात लुगड्यावर उन्हाला पसरली, पुढच्या बियाण्यासाठी. पीक निघायला अजून चार महिने आहेत. मातीच्या वर एक कोंब नाही आणि मी राख वाळवत बसलोय. आत्या असती तर उंबऱ्यातून ओरडली असती, "आरं, आत्ताच कशाला? लई घाई बाबा तुला."

व्हय आत्या. लई घाई हाय मला.